तळापासून एक बोट

…न्हाई न्हाई, तिथं नका मांडू ते मशीनीचं तिकाटणं. तिथलं सिमेंटाचं अस्तर पोकळ झालंय — वरून दिसतं चांगलं, पाय दिला की खाली — मशीनबी जाईल आन् मशीनीमागं तुमीबी जाल, मंग माह्यावर बालंट, म्हणतील म्हातारा बसल्या जागी बघत राहिला. इकडं या. आणखी दोन पावलं. हां, तिथं. आता बसा की म्याडम, उभं काहून राहता? तास लागतो म्हणलात ना त्या मशीनीला? मंग बसा. पॅन्टीला धूळ लागते? लागू द्या, कालव्यावर आल्यावर धूळ न्हाई लागणार तर काय अत्तर लागणार हाय?

किती आले तुमच्यासारखे! सर्वेवाले आले, गाळ मोजणारे आले, एक तर टोपी घालून थेट बंबईहून आला आन् मला म्हणतो, बाबा, हे पाणी कुठून येतं? म्हणलं, वरून. कुठं जातं? म्हणलं, खाली. लिहून घेतलं की वं त्यानं! दोन्ही लिहून घेतलं, खाली तारीख टाकली आन् गेला जीपमधी बसून. पगार घेतात हे लोक त्याचा. तुमी काय मोजणार? वेग. बरं. अस्तराजवळचा, तळाचा — बरं बरं, समजावून सांगू नका, ठाऊक हाय मला. मधलं पाणी कुणीबी मोजतं. काडी टाकायची, बाजूनं चालायचं, झालं. अवघड हाय ते तळापासून एक बोट वर. तिथं पाणी सरळ जात न्हाई. तिथं ते गिरक्या घेतं, थांबतं, वर उसळतं, पुन्हा बसतं — आन् ते सगळं सिमेंटाच्या खडबडीवर हाय, शेवाळावर हाय — असं तोंड उघडं टाकून बघू नका म्याडम, चिलटं जातील. धोतरवाला माणूस तळाचं बोलला म्हणून इतकं काय नवल करायचं.

कुणी शिकवलं? शिकवलं एकानं. येडा व्हता. खिल्लारे म्हणून — प्रेमानंद खिल्लारे, कॉलेजात मास्तर व्हते — काय झालं? नाव ऐकलंय? — तुमी त्यांच्याकडं शिकल्या? बारावीला? आं? मंग अजून तिथंच हायत म्हणा, अकरावी-बारावीच्या पोरांना लंबक हलवून दाखवून राहिले. असं. मंग आधी सांगायचं ना. काय सांगितलं त्यांनी माह्याबद्दल — न्हाई, राहू द्या. सांगू नका. मला काय करायचं. तुमचे सर तुमाला देव असतील, माझ्यासाठी ते येडेच. शिकलेले येडे. असं येड खेड्यात सापडत न्हाई, त्याला विद्यापीठच लागतं.

तर ऐका. शहाण्णव साल. तवा हिंगोली जिल्हा झालेला न्हवता, कागद हलवायचा म्हणलं की परभणी. रब्बीचं आवर्तन चालू व्हतं, असंच, हरभऱ्याला घाटे धरले व्हते, आन् मी इथं ह्याच पुलाच्या कठड्यावर बसलेलो. रोजंदारीवर व्हतो मी. चौदा वर्षं रोजंदारीवर. तर हे आले — जीपमधून उतरले, इस्तरीचा शर्ट, हातात लाकडी पेटी, लेकरू धरावं तशी धरलेली. आमच्या शाखेच्या साहेबाची चिठ्ठी व्हती. साहेब मला आदल्या दिवशी बोलला व्हता, जळबा, एक मास्तर येणार हाय, काय मागंल ते दे, पण गेटाला हात लावू देऊ नको. मी म्हणलं असंल कुणीतरी. आन् हा माणूस आल्या-आल्या काय करतो? चपला काढतो, पॅन्ट गुडघ्यावर घेतो आन् चारीत उतरतो — तिकडं ती लहान चारी दिसते ना, तिथं — आन् वाकून हातानं तळ चाचपून राहिला. मी म्हणलं, सर, काई पडलं का? म्हणले, न्हाई जळबाभाऊ, खडबड बघतोय. जळबाभाऊ! पहिल्याच दिवशी. साहेबानं मला चौदा वर्षांत 'ए' सोडून हाक मारलेली न्हवती. तिथंच मला समजायला पाह्यजे व्हतं, ह्या माणसाचं काई खरं न्हाई.

मंग सांगत बसले. त्यांचं गाव कालव्याच्या पार टोकाला. बाप भीमराज, त्यानं ह्याच कालव्याची माती डोक्यावर वाहिलेली. आन् त्याच गावाला पाणी पोचत न्हाई. साहेब लोक म्हणतात वरचे चोरतात. सर म्हणले, चोरतात ते चोरतातच, पण कालव्याचं जे गणित मांडलंय त्यातच खोट हाय. पुस्तकात अस्तराच्या खडबडीचा एक आकडा दिलाय, सगळे तोच घालतात. नवं सिमेंट असो, शेवाळलेलं असो, फुटलेलं असो — आकडा तोच. म्हणले, जळबाभाऊ, ज्यानं पुस्तक लिहिलं त्यानं हा कालवा बघितलाय का? मी म्हणलं, पुस्तकवाल्याचं सोडा, आमच्या साहेबानं तरी कुठं बघितलाय! हसले. लई हसले. दात मोठे व्हते, हसले की सगळे दिसायचे.

एक दिवस त्यांनी त्या चारीत ते जांभळं औषध सोडलं — विहिरीत टाकतात ना, ते — बारीक नळीतून, अगदी तळाला. म्हणले बघा. मला वाटलं पाणी जांभळं होणार, दुसरं काय होणार? तर न्हाई. दोऱ्या झाल्या. तळाला चिकटून लांब-लांब जांभळ्या दोऱ्या, शेजारी शेजारी, मधी सारखं अंतर सोडून — न्हालेल्या बाईचे केस फणीनं विंचरल्यावर असतात तशा. आन् हळूहळू चालल्या व्हत्या, वरचं पाणी पळून राहिलं आन् ह्या आपल्या हळू. आन् मंग एकदम त्यातली एक दोरी उचलली. आपोआप. मधीच उचलली, हलायला लागली, वळवळली — आन् फुटली. वर नुस्ता जांभळा धूर. मंग तिकडं दुसरी. मंग तिसरी. मी म्हणलं, सर, हे करून कोण राहिलंय? म्हणले, कुणीच न्हाई, पाणीच करतं. सगळ्या जगातल्या पाण्यात, वाऱ्यातबी, जिथं भिंत आली तिथं हे चालू हाय, आन् का उचलतं, कवा उचलतं, ते धड कुणाला सांगता येत न्हाई. चौदा वर्षं मी ह्या पाण्यावर बसलेलो म्याडम. चौदा वर्षं. गुडघे दुखेपर्यंत बसून बघितलं त्या दिवशी. — आता त्यात काय एवढं, पाणीच ते. पाण्याला दुसरं काम काय.

मंग माझ्यामागं लावलं काम. त्या पेटीत पंखा व्हता, रुपयाएवढा, सळईला बसवलेला. तो पाण्यात सोडायचा आन् इकडं कानाला यंत्र लावायचं — पंखा फिरला की टिक, फिरला की टिक. दहा सेकंदात किती टिक झाले ते लिहायचं. असे साठ आकडे. मंग पंखा वर घ्यायचा, पुन्हा साठ. तळापासून एक बोट, दोन बोटं, चार बोटं, आन् हातभर. सरांना कॉलेज, ते ऐतवारी वही बघायला येणार, मोजायचं सोमवार ते शनवार मी. मला म्हणले, जमंल का जळबाभाऊ? न जमायला काय झालं? चौथी शिकलेलोय मी, आन् अक्षर बघा माझं, तुमच्या पीएचड्यांचं न्हाई असं. दोन वह्या दिल्या त्यांनी. एक कच्ची, इथं कालव्यावर लिहायला. एक पक्की, घरी जाऊन उतरवायला.

वरचे आकडे कसे? बावीस, बावीस, एकवीस, बावीस. शहाण्या लेकरासारखे. आन् तळाचे — नऊ. चार. तेरा. सहा. दोन. पंधरा. सात. मला वाटलं पंख्यात शेवाळ अडकलं. काढला, पुसला, पुन्हा सोडला. पाच. बारा. तीन. मला वाटलं कान गेले. बायकोला बसवलं, पारुबाईला — तिला मोजायला येतं — तिच्याबी कानात तेच. म्हणली, अवं, हे तर उड्या मारतंय. तीन दिवस मी कच्च्या वहीत उड्याच लिहल्या. मंग पक्की वही पुढं घेऊन बसलो आन् — आता कसं सांगू तुमाला. तुमाला न्हाई समजायचं. तुमी कधी रजिस्टर लिहिलंय का? सरकारी? मंग.

एक्क्याऐंशी — न्हाई, ब्याऐंशी साली, मी नवा व्हतो, पाण्याच्या उंचीचं रजिस्टर माझ्याकडं. पट्टीवर दिसंल तसं लिहायचो. वरचं गेट हललं की उंची हलणार, मी हललेली लिहिली. साहेबानं सगळ्यांदेखत रजिस्टर उचललं आन् माझ्या तोंडावर मारलं. इथं लागला कोपरा, बघा, खूण हाय. म्हणला, पाणी काय उड्या मारतं का रे? दारू पिऊन लिहतो का? रजिस्टर एकसारखं पाह्यजे! तवापासून माझं रजिस्टर एकसारखं. इतकं एकसारखं की दुसऱ्या शाखेवाले नमुना म्हणून न्यायचे. आन् त्या साली, शहाण्णवला, कायम करायच्या यादीत माझं नाव गेलेलं. वरून कुणीतरी विचारणार, ह्या माणसाचं काम कसं हाय? आन् तेवढ्यात एक मास्तर परभणीला वही दाखवणार — नऊ, चार, तेरा, दोन! म्हणतील ह्याला दहापर्यंत मोजता येत न्हाई, ह्याला कायम करता?

म्हणून मी सरळ केले. एवढंच. आठ, आठ, सात, आठ, नऊ, आठ. पण मनानं न्हाई बरं! मनानं एक आकडा न्हाई लिहला. साठाची बेरीज करायचो, साठानं भागायचो, जे यील त्याच्या अलीकडं-पलीकडं. रोज दोन-दोन तास बसायचो पाटी घेऊन. सरासरी बराबर हाय, कुठंबी तपासा, एक टिक इकडं-तिकडं न्हाई. नुस्त्या उड्या काढल्या. कुणाचं काय गेलं त्यात? तांदळातले खडे काढतो तसं.

आता तुमी म्हणणार, सरांना कळलं कसं न्हाई? मीबी तेच म्हणतो! मी न्हाई का म्हणलं येडा माणूस? त्यांना ठाऊक पाह्यजे व्हतं ना, पुस्तकं त्यांनी वाचलेली. पहिल्या ऐतवारी वही बघितली तवा कपाळाला आठ्या आल्या व्हत्या. म्हणले, जळबाभाऊ, हे असंच येतंय ना? म्हणलं, असंच. मंग वही मिटून लई वेळ पाण्याकडं बघत बसले. मंग एकदम उठले, डोळे असे चमकले — म्हणले, शेवाळ! जळबाभाऊ, शेवाळामुळं! ते मऊ हाय, हलतं, पाण्याचा मार गिळतं, म्हणून तळाचं पाणी शांत झालंय! कुणाच्या लक्षात आलं नसंल हे! आन् माझा हात धरला दोन्ही हातांनी. मी काय बोलू? माणूस इतका खूश झाल्यावर मधी काय बोलायचं?

एकदा मात्र — एका ऐतवारी मी यायच्या आधीच ते येऊन बसले व्हते, कानाला यंत्र लावून. तोंड उतरलेलं. म्हणले, आज उड्या मारून राहिलेत आकडे. मी — म्हणजे मी काय म्हणलं — मी म्हणलं, सर, वरचं गेट हलवलंय सकाळी, पाणी बसलं न्हाई अजून, आजचे धरू नका. गेट माझ्या हाताखाली. गेटाचं मला ठाऊक का त्यांना? त्यांनी आपलं लिहिलेलं पान फाडलं. फाडून, घडी करून खिशात ठेवलं. म्हणले, बरं झालं तुमी सांगितलं. — हलवलं व्हतं का गेट? तुमाला काय करायचं हलवलं का न्हाई हलवलं! दहा-अकरा वर्षं झाली त्याला. तुमचं मशीन बघा चालतंय का, लाल दिवा लागलाय. — असं व्हय. लाल म्हणजे चालू. बरं.

दोन वर्षं त्यांनी त्यावर काढली. जाड पुस्तक झालं, काळं कव्हर, सोनेरी अक्षरं. मला आणून दाखवलं. पहिल्या पानावर आभार, आन् त्यात आई पद्माबाईच्या खालोखाल कुणाचं नाव? श्री. जळबा धोंडबा, कालवा चौकीदार, यांनी तीन महिने केलेल्या काटेकोर मोजणीशिवाय हे काम झालं नसतं. काटेकोर! छापलेलं! बोट ठेवून वाचलं मी. म्हणले, तोंडी परीक्षा हाय विद्यापीठात, तुमी चला माह्याबरोबर. मी म्हणलं मी कशाला? म्हणले, ज्यानं मोजलं त्यानं बघायला पाह्यजे. लग्नात मिळालेलं धोतर काढलं, टोपीला नीळ दिली आन् गेलो.

मोठा हाल. पंखे, खुर्च्या, भिंतीवर पांढरा पडदा. मी पार मागं बसलो, दाराजवळ. समोर तीन मास्तर, त्यातला एक बाहेरगावचा, पांढऱ्या केसांचा, हिंदी-विंग्रजी बोलणारा. सर बोलत राहिले. चांगलं बोलले, हात हलवून, पाणी कसं उचलतं ते दाखवून. पडद्यावर आकड्यांची रेघ — वरची रेघ सरळ, तळाची रेघबी तशीच सरळ. तो पांढरा उठला. पडद्याजवळ गेला, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. नाक लावून बघितलं. आन् वळून म्हणला — ते मला हिंदीत समजलं, बराबर समजलं — म्हणला, ये पानी का डेटा नहीं है, ये पेन का डेटा है. दीवार के पास पानी ऐसा होता ही नहीं. लोक हसले. सगळे न्हाई, चार-सहा. मंग दुसरा एक, आपलाच, ह्याच विद्यापीठातला, तो हळूच बोलला, पण मागपर्यंत ऐकू आलं — म्हणला, सगळंच सवलतीत मिळत गेलं की आकडेबी सवलतीत आणायची सवय लागते.

ते ऐकलं आन् हसणारेबी खाली बघायला लागले. कळलं ना तुमाला कशावरून बोलला तो? कळतं सगळ्यांना. अशा माणसाच्या तोंडात — जाऊ द्या. खुर्चीवर बसलेला हाय, कोण बोलणार त्याला. तो पांढराबी त्याच्याकडं बघायला लागला, त्यालाबी ते पटलं नसावं. मंग सरळ सरांना विचारलं, ये गिनती किसने की?

एक शब्द. एक नाव घ्यायचं व्हतं म्याडम. मी तिथंच व्हतो, दाराजवळ, टोपी हातात घेऊन. नुस्तं मागं बोट दाखवायचं — तो बसलाय, त्याला विचारा. संपलं! त्यांची अब्रू वाचत व्हती. आन् सरांनी बघितलं माह्याकडं. एकदाच. मी टोपीकडं बघत व्हतो — म्हणजे मला दिसलं की त्यांनी बघितलं, पण मी टोपीकडं बघत व्हतो. आन् ते म्हणले, मैंने.

ह्याला काय म्हणायचं? सांगा! भेकडपणा न्हाई तर काय? शिकला-सवरलेला माणूस, स्वतःसाठी एक बोट उचलता येत न्हाई! छापलेलं नाव व्हतं माझं पहिल्या पानावर, त्या तिघांनी ते पान उलटलं असतं तर खोटं तिथंच पकडलं असतं, पण उलटतं कोण, आभार कोण वाचतं. मी काय मेलो असतो का नाव घेतलं असतं तर? फार तर काय — यादीतून नाव गेलं असतं. कायम झालो नसतो. खात्याची माणसं म्हणली असती ह्यानं सरकारी माणूस असून खोटं लिहून दिलं, हाकला. हाकलला असता. पारुबाईचं ऑपरेशन व्हायचं व्हतं त्या साली, ते झालं नसतं. एवढंच ना? मंग घ्यायचं नाव! त्यांचा मी कोण लागत व्हतो?

येताना यष्टीत एकाच बाकावर. सर खिडकीशी. पेरू घेतले त्यांनी ष्टँडावर, चार, दोन मला दिले, मीठ लावलेले. कळमनुरीचा फाटा आला. मंग खिडकीबाहेरच बघत म्हणले, जळबाभाऊ, तळाचे आकडे उड्या मारत व्हते का हो? इतकंच. आवाज चढवून न्हाई, कसं न्हाई — पाणी सुटलं का म्हणून विचारावं तसं. आन् मी म्हणलं, न्हाई सर. मीटर बोललं तसंच लिहलं. त्यांनी मान हलवली. बरं, म्हणले. आन् पेरू खाल्ला न्हाई त्यांनी. हातात धरून उतरले.

कच्ची वही? — विचारलंत ना तुमी कच्ची वही कुठं हाय? — न्हाई विचारलं? मला वाटलं विचारलं. व्हती ना. घरी व्हती, ट्रंकेत. सगळ्या उड्या तिच्यात, तारीखवार, माह्या अक्षरात, तीन महिन्यांच्या. ती नेऊन दिली असती तर सरांना पुन्हा मांडता आलं असतं. साल गेलं असतं, पण मांडता आलं असतं. मला ठाऊक व्हतं ते. एवढं न कळायला मी काय येडा हाय? दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ केली, वही घेतली आन् निघालो. सरांकडंच निघालो व्हतो. खरं सांगतो. फाट्याला जायचं तर ह्याच पुलावरून जावं लागतं. इथं आलो. पाणी भरून चाललं व्हतं.

टाकली मी ती इथून. — पण मधी न्हाई टाकली ना! हात नीट फिरला न्हाई, कडेला पडली, अस्तराजवळ. मधी पडली असती तर सरळ गेली असती, बावीस-बावीसच्या चालीनं, दोन मिनिटांत दिसंनाशी झाली असती. कडेचं पाणी तसं नेत न्हाई. ती तिथंच फिरायला लागली. जरा पुढं जायची, थांबायची, अस्तराला घासायची, एकदम आत ओढली जायची, वाटायचं गेली — की पुन्हा कडेला. मी काठानं चालून राहिलो तिच्याबरोबर. हाताच्या अंतरावर, पोरी! वाकलो असतो तर हातात आली असती. पानं उघडली व्हती, निळी शाई पाण्यात सुटून राहिली — दोऱ्या-दोऱ्या — आन् मी चालतोय. पार तिसऱ्या पुलापर्यंत. अर्धा कोस असंल. अर्धा कोसभर मला येळ दिला त्या पाण्यानं, आन् मी हात पाठीमागं बांधून चाललो, जशी कुणाची मयत चाललीय आन् मी मागनं चाललोय. तिसऱ्या पुलाखाली भोवरा हाय, तिथं गेली.

दीड महिन्यानं माही ऑर्डर आली. कायम.

आन् सरांची पीएचडी गेली ती गेलीच, त्यांना त्या कॉलेजात पोरं 'पेनवाले सर' म्हणायची — तुमीबी म्हणल्या असाल, खरं सांगा. म्हणल्या ना? बाजारात ऐकलं मी ते, कळमनुरीच्या बाजारात, एका कपड्यावाल्याच्या तोंडून. त्याच बाजारात दोनदा भेटले सर. एकदा लांबून. एकदा अगदी समोर, पिशवी घेऊन. म्हणले, कसं हाय जळबाभाऊ? पाणी सुटलं का औंदा? मी कांदे बघत बसलो. कांदे! चांगले व्हते, चार-चारदा उचलून बघितले. मान वर केली तवा ते गेले व्हते. असा माणूस. शिव्या द्यायच्या ना! कॉलर धरायची, चारचौघांत म्हणायचं, ह्यानं माहं वाटोळं केलं! मी सगळं कबूल करून टाकलं असतं, सुटलो असतो दोघंबी. पण त्याला हिंमत लागते. पाणी सुटलं का म्हणे. त्यांना कुठं काय कळलं, अजून मनात शेवाळ धरूनच बसले असतील, गरीब बिचारे, आपलंच चुकलं म्हणत —

काय?

काय म्हणलीस? मोठ्यानं बोल, पाण्याच्या आवाजात ऐकू येत न्हाई मला. — सरांनी धाडलं? तुला? मला भेटायला? — मंग मघाशी… मीच सांगू नका म्हणलं, व्हय. मीच म्हणलं. — काय म्हणले सर? जसं म्हणले तसं सांग. — तळाचे आकडे उड्या मारतील, घाबरू नको, जळबाभाऊंनी ते कवाच मोजलेत, खरं मोजलेत… नंतर सरळ केलेत. — असं म्हणले? 'सरळ केलेत', हाच शब्द? — आन् रागावू नको त्यांच्यावर. — आन् कवापासून ठाऊक व्हतं त्यांना? ते नको सांगू. न्हाई, सांग. — हालमधीच. मी टोपीकडं बघत व्हतो तवा. — मंग यष्टीत विचारलं काहून? आं? ठाऊक असल्यावर माणूस विचारतो काहून मंग? सांग ना. तू शिकलीस ना त्यांच्याकडं. काहून विचारलं?

…

न्हाई. पाणी नको. ठेव ती बाटली. काई झालेलं न्हाई मला, ऊन हाय.

काठी दे तेवढी. — हात धरू नको, येतं मला उठता. तुमी तुमचं मशीन बघा. जे यील ते लिहा. न्हाई तर नका लिहू, मला काय त्याचं. आन् घरी येऊ नका, पारुबाईला यातलं पुढचं काई ठाऊक न्हाई.

बसा म्हणलं ना. मागं नका येऊ.